चौघांचा अंतरपाट

१

रोजचा क्रम ठरलेला असे. सकाळी चहा-भाकरी खाऊन निघायचं, रेकॉर्डरची पिशवी स्कूटरच्या हुकाला अडकवायची आणि आणे पठारावरच्या कुठल्या तरी ओसरीवर जाऊन बसायचं. समोर म्हातारं माणूस, मध्ये रेकॉर्डर, आणि पहिला प्रश्न नेहमी तोच, "तुमच्या घरातलं कोण गेलं होतं लढाईला?"

पाचवीपासून मी डेहराडूनच्या निवासी शाळेत होते. पुढे स्कॉटलंडमध्ये युद्धाचा इतिहास शिकले आणि एकच हट्ट घेऊन गावी परत आले. दुसऱ्या महायुद्धात विमानातून पॅराशूटने उतरणारी एक पलटण होती. तिच्यावर एक जुनं इंग्रजी पुस्तक आहे. त्यात अधिकाऱ्यांचे फोटो आहेत, पदकं आहेत, नकाशे आहेत. पण या पलटणीला इतर तुकड्या जोडून दिलेल्या होत्या. खेचरवाले, तारायंत्रवाले, पॅराशूटच्या छत्र्यांच्या घड्या घालणारे, आणि फील्ड अँब्युलन्सचे डोलीवाले, म्हणजे जखमींना स्ट्रेचरवर घालून आणणारे. त्यांतले कितीतरी आमच्या जुन्नर-आंबेगावचे. त्या सगळ्यांना मिळून पुस्तकात शेवटी एक परिशिष्ट आहे. मला ते परिशिष्ट उचलून पुस्तकाच्या मध्यभागी आणायचं होतं. पुण्यातली पलटणीची संघटना नवी आवृत्ती काढणार होती, आणि ते काम मी भांडून मिळवलं होतं.

परिशिष्टात आमच्या गावावर एक ओळ होती. डोलीवाला सावळेराम, आणे, जिल्हा पुणे, सरावाच्या उडीच्या आदल्या दिवशी पळून गेला.

त्या ओळीने एक घर नासवलं. सावळेरामांची बायको चिमाबाई जन्मभर कुंकू लावून राहिली, कारण नवरा मेल्याचं कोणी कळवलं नाही. पण सवाष्ण म्हणून तिला कोणी कधी बोलावलंही नाही. त्यांचा मुलगा हौशीराम आज ऐंशीच्या पुढे आहे. अजून चावडीवर वाद झाला की कोणीतरी म्हणतंच, "तू गप रं, पळपुट्याच्या!"

"मला पेन्शन नको, काय नको," हौशीराम आजोबा मला म्हणाले. "ती वळ तेवढी खोड पोरी. माझा बाप पळाला नव्हता."

"ते सिद्ध करावं लागेल आजोबा."

"मग कर की! एवढी इमानातनं शिकून आलीस ती कशापायी?"

मी शब्द दिला. रेकॉर्डर चालू होता, त्यामुळे तो शब्द माझ्याच आवाजात माझ्याकडे आहे.

मग ते आत गेले आणि एक पांढरी घडी घेऊन आले. त्यांच्या भावकीतल्या प्रत्येक लग्नात धरला जातो तो अंतरपाट. गावात त्याची चेष्टा चालायची. सगळ्या जगात अंतरपाट दोघं धरतात, यांच्याकडे चौघं. बाहेरगावची वऱ्हाडं विचारत, "काय हो पावणं, कापड धरताय का म्हस?" आणि धरणारे दात काढून म्हणत, "जड हाय राव."

मी घडी उलगडली. एका टोकाला निमुळता होत गेलेला रेशमी तुकडा, कडेला दुहेरी शिवण. मी संग्रहालयांमधून असे तुकडे पाहिले होते. ते पॅराशूटचं कापड होतं.

"हे कुठून आलं?"

"बेल्ह्याच्या बाजारातनं. आईनं आणलं, लढाई सरल्यावर. आमी बारकी व्हतो."

मी तो तुकडा तोलून पाहिला. रुमालाइतका हलका होता. तसं म्हटल्यावर आजोबा हसले नाहीत. "घरात हलकंच असतंय. वारं लागलं की बघ. म्हणून तर आमी ते दोरीवर वाळत घालीत नाय. झुडपावर पसरतो. पयल्या लग्नात दोघांनी धरलं व्हतं, दोघांच्या हातनं निसटलं. तवा आई म्हणली, चौघं धरा. आन् घट धरा."

वारा आणि शीड, साधं भौतिकशास्त्र, असं मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

२

बेल्ह्याला बैलबाजाराच्या रस्त्यावर जिनेशचं कापडाचं दुकान आहे. त्याच्या आजीला, कंचनबाईंना, सगळा बाजार बाई म्हणतो. गल्ल्यामागे गादीवर बसून त्या येणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावरचं कापड डोळ्यांनी मोजत असतात.

"हा कुर्ता कुठून घेतला?" मी आत शिरताच त्यांनी विचारलं.

"एडिंबरा."

"एका धुण्यात आटंल."

"आजी, त्या इतिहास लिहितायत," जिनेश म्हणाला.

"मग आटलेल्या कुर्त्यातच लिहितील. बस गं. चहा सांग रे."

छत्रीच्या कापडाचं नाव काढलं तेव्हा मात्र त्यांनी मांडीवरचा टेप बाजूला ठेवला. त्या सून होऊन या दुकानात आल्या तेव्हा सासरे, पोपटलालशेठ, ही गोष्ट सांगत. लढाई संपल्यावर पुण्यात लष्करी सामानाचे लिलाव झाले. शेठनी छत्र्यांचा एक गठ्ठा घेतला. पांढरं रेशीम, त्या दिवसांत कुठे मिळत नव्हतं. बाजारच्या दिवशी पाचरीसारखे तुकडे फाडून विकले. कोणी अंगडी-टोपडी शिवली, कोणी देवाचा पडदा, कोणी झोळी.

"गठ्ठ्यातल्या बाकीच्या छत्र्या नीट घडी घातलेल्या होत्या," बाई म्हणाल्या. "एकच तशी नव्हती. पीळ पडलेली, दोऱ्यांची नुसती गुंतवळ. सासरे म्हणायचे, ही उघडलीच नाही कधी. म्हणून ती स्वस्तात काढली. दोऱ्या आणि पट्टे काही कोणी घेईना, ते अजून वर माळ्यावर आहेत. जिनेशला किती वर्षं सांगते, टाकून दे."

"मी टाकायला काढले होते," जिनेश म्हणाला. "टेम्पोवाल्याने परत आणून दिले."

"का?"

त्याने खांदे उडवले. "म्हणाला, घाटात गाडी ओढंना."

बाई हसल्या. मीही हसले. मग बाई म्हणाल्या, "त्या पीळ पडलेल्या छत्रीचा पहिला तुकडा आण्याच्या एका बाईने नेला. सासऱ्यांना तिचं फार नवल वाटायचं. ती बैल विकायला आलेल्या दिराबरोबर आली होती. ढिगात हात घातला आणि तोच धरून बसली. चांगला देतो म्हटलं तर सोडेना. खांद्यावर टाकून निघाली आणि बाजाराच्या तोंडाशी पोचेपर्यंत दोनदा खाली बसली. एवढ्याशा कापडानं."

३

तेव्हा माझ्या डोक्यात ती कल्पना आली, आणि आली तशी मी तिच्या मागे लागले. एकाच छत्रीचे तुकडे दोन तालुक्यांत पसरलेत. ते गोळा करायचे, जोडायचे, छत्री पुरी करायची. त्या पलटणीचा इतिहास ज्यांनी अंगावर वागवला त्यांच्या घरांतून ती उभी राहील. यापेक्षा खरं स्मारक कुठलं?

पिळाच्या चुण्यांवरून तिचे तुकडे ओळखू येत. लोकांनी आनंदाने दिलं. अवसरी खुर्दला एका घरी त्याची झोळी होती. तिथली घरधनीण म्हणाली, "घेऊन जा, पण सांगते, हिच्यात लेकरू लगीच निजतं. वाऱ्यावर टांगली की झोका द्यायलाच लागत नाय." एकाकडे देवापुढचा पडदा, एकाकडे उशीची खोळ. कुठल्याच घरात मी मागितलं म्हणून कोणाचं तोंड वाकडं झालं नाही. मला ते औदार्य वाटलं. आता वाटतं, ती माणसं सुटल्यासारखी हसत होती.

माळ्यावरच्या दोऱ्या आणि पट्टे जिनेशने स्वतः स्कूटरवर बांधून दिले.

आळेफाट्याच्या अलीकडे रस्ता मोकळा लागतो. तिथे वेग घेतला की स्कूटर मागून दबायची. हळू केली की पुन्हा वर यायची. आधी मला तो खड्डा वाटला, मग टायर. मी फाट्यावरच्या गॅरेजात गाडी लावली. मेकॅनिकने मागचं चाक फिरवून पाहिलं, शॉकअप दाबून पाहिला.

"डबलसीट लई चालवता का ताई?"

"मी एकटीच असते."

"मग मागं काय पोतं-बितं?"

मी गाठोडं दाखवलं. त्याने ते एका हाताने उचललं, पुन्हा ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. "ह्याच्यानं नाय व्हणार. ह्यो शॉकअप माणूस बसून बसून गेलाय."

बदलून घेतला. पुढच्या खेपेला तोही बसला.

४

गावातली जुनी शाळा रिकामी पडली आहे. तिची एक मोठी खोली ग्रामपंचायतीने मला दिली. जमिनीवर सतरंज्या घालून मी तुकडे शेजारी शेजारी मांडले. निमुळती टोकं मध्यभागी, रुंद कडा बाहेर. टोकाच्या तुकड्यावर त्या पलटणीचा पुसटसा शिक्का निघाला तेव्हा मी एकटीच टाळ्या वाजवून हसले.

मग मला ओरखडे दिसले. प्रत्येक तुकड्यावर एक चकाकणारा, किंचित तपकिरी पट्टा होता. सुटे असताना ते डाग वाटत. एकत्र मांडल्यावर ती एकच रेघ झाली, टोकापासून कडेपर्यंत पिळासारखी वळत गेलेली. रेशीम रेशमावर जोरात घासलं की असं भाजतं. मी पुस्तकं काढली, तज्ज्ञांना फोटो पाठवले. उत्तर सगळ्यांचं एक. ही छत्री विमानाबाहेर पडली होती. उघडली नव्हती. आणि ती पडत असताना तिला खाली कोणीतरी होतं.

शाळेची दारं-खिडक्या मी बंद ठेवत असे, धूळ येऊ नये म्हणून. शिवताना दुपारी आवाज यायचा. कापड उचललं जाऊन पुन्हा सतरंजीवर बसल्याचा. फस्स, आणि मग बराच वेळ काही नाही. पंखा नव्हता, वीज नव्हती. उन्हाने पत्रा तापतो, खालची हवा वर चढते, कापड हलतं. हे कारण मला पटलं होतं. फक्त कापड हललं की कोपऱ्यात ठेवलेल्या दोऱ्या ताठ का होतात, याचं कारण मला सापडेना. त्या अजून कशालाच बांधलेल्या नव्हत्या.

मी कर्नल साहेबांना फोन केला. ते संघटनेचे अध्यक्ष, स्वच्छ पुणेरी बोलणारे, जन्मात आवाज न चढवलेले गृहस्थ.

"समृद्धी, तुमची तळमळ मला समजते," ते म्हणाले. "पण सरावात अपघात झालाच नव्हता. नोंद नाही."

"नोंद कोणी करायची होती, सर?"

"आणि डोलीवाले काही उड्या मारत नसत."

"मारत. त्यांना शिकवत होते. तुमच्याच पुस्तकात फोटो आहे."

"बरं, समजा कोणी गेला. तो हाच कशावरून?"

"त्या सरावात एकच माणूस कमी झाला, असं तुमचंच पुस्तक म्हणतं. तो आदल्या दिवशी पळाला असेल, तर दुसऱ्या दिवशी या छत्रीला कोण लटकत होतं?"

मग ते म्हणाले, "छत्री पूर्ण आहे का?"

"एक तुकडा बाकी आहे."

"पूर्ण करून आणा. ऐवज म्हणून ती अप्रतिम आहे. ती संघटनेला द्या, आम्ही सभागृहात लावू. त्या ओळीचं मी बघतो."

छत्री संघटनेला दिल्याचा कागद आला तसा मी सही करून पाठवला. मला तो विजय वाटला.

५

"लगीन हू दे," हौशीराम आजोबा म्हणाले. "श्रेयाच्या डोक्यावर अक्षता पडल्या की त्याच पावली अंतरपाट ने."

श्रेया त्यांची नात. दुपारचा मुहूर्त होता. मांडवात पान हलत नव्हतं, बायका साडीच्या पदरांनी वारा घेत होत्या. मंगलाष्टकांचा आवाज चांगला यावा म्हणून मी रेकॉर्डर घेऊन पुढे, जमिनीवरच बसले होते. चौघांनी अंतरपाट धरला. श्रेयाचा भाऊ आदेश माझ्या बाजूला होता.

"दमानं रं," कोणीतरी ओरडलं, "नवरदेव चेंगरंल!"

हशा झाला. भटजींनी पहिलं मंगलाष्टक उचललं. कापडाला मध्ये हळूहळू फुगवटा आला, जसा श्वास घेताना छातीला येतो. आदेशच्या मनगटांवरच्या शिरा वर आल्या. मला वाटलं, पोरं नाटक करतायत.

मी खाली पाहिलं. सवयीने, रेकॉर्डरचा लाल दिवा बघायला.

अंतरपाटाच्या खालच्या कडेखाली पलीकडे नवरदेवाचे पाय पाटावर होते. अलीकडे श्रेयाचे, मेंदी लावलेले. आणि त्यांच्या मध्ये, कापडाच्या बरोबर खाली, आणखी दोन. एकात बूट होता, जाड तळव्याचा, फौजी. दुसरा उघडा. ते टेकलेले नव्हते. बोटं खाली सुटलेली होती आणि दोन्ही पाय सावकाश, अगदी सावकाश, एका अंगाला वळत होते.

पलीकडे कोणीतरी मूल उचलून धरलं असेल, असं मला वाटलं. मग बूट आठवला.

"सावधान!" म्हणून भटजी ओरडले, वाजंत्री सुरू झाली, कापड बाजूला ओढलं गेलं. मध्ये कोणी नव्हतं. लोक अक्षता टाकत होते. आदेश हात झाडत म्हणाला, "आज लई जड व्हतं राव."

पंगती उठल्यावर श्रेयाने मला खोलीत बोलावलं. तिचा चेहरा हळदीखाली पांढरा पडला होता.

"ताई, तुमी खाली बसला व्हता ना?"

"हो."

"मग तुमी बघितलं असंल." ती आपल्या उजव्या पायाच्या अंगठ्याकडे पाहत होती. "माझ्या पायाला लागले वो. गार व्हते."

रेकॉर्डिंग मी नंतर ऐकलं. मंगलाष्टका स्वच्छ आल्या आहेत. मागे सबंध वेळ वाऱ्याचा आवाज आहे, फार उंचावरून येतो तसा. त्या दुपारी वारा नव्हता.

६

अंतरपाट माझ्या हातात देताना हौशीराम आजोबांनी त्याला डोकं टेकवलं.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले.

"आईला ठावं व्हतं. ती म्हणायची, मधी माणूस हाय. मला वाटायचं दुःखानं बोलती." ते ओसरीच्या खांबाला टेकले. "मी सोता चाळीसेक लग्नात धरलाय. पयला कोपरा माझाच असायचा. हातावर कळ येती, मग मनात म्हणायचो, धरलंय बरं का, धरलंय. बोलाय दुसरं काय व्हतं त्याच्याशी?"

"छत्री पुरी झाली की..." मी सुरुवात केली आणि थांबले. माझ्या शिक्षणात या वाक्याला शेवट नव्हता.

त्यांनी तो केला. "उतरंल का त्यो?"

"हो," मी म्हणाले. मला ते खरोखर वाटत होतं. ऐंशी वर्षं मिटलेली छत्री आम्ही उघडू, त्याला खाली आणू, आणि तो कोण होता ते पितळेवर कोरू. मी इतकी खूश होते की शेवटची शिवण घालताना गाणं म्हणत होते. शिवण पुरी झाली तेव्हा बंद खोलीतलं ते सगळं कापड एकदाच वर उचललं गेलं आणि खाली बसलंच नाही. टेम्पोत भरायला सहा माणसं लागली.

७

पुण्यातलं सभागृह सुंदर आहे. उंच छत, लाकडी जमीन, भिंतींवर ओळीने अधिकाऱ्यांची तैलचित्रं. छताच्या मधोमध एका हुकाला त्यांनी छत्री टांगली होती. दोऱ्या खाली आणून पट्ट्यांना जोडल्या होत्या, आणि ते रिकामे पट्टे माणसाच्या डोक्याच्या जरा वर लोंबत होते. सजावट करणारा बरा माणूस होता. त्याने मला विचारलं, "मॅडम, रेशीमच आहे ना? मी हुक तीनदा बदलला."

हौशीराम आजोबा नवा फेटा बांधून आदेशबरोबर आले होते. त्यांना मागच्या रांगेत जागा मिळाली.

कर्नल साहेब बोलले. छान बोलले. मग त्यांनी दोरी ओढून स्मृतिफलकावरचा पडदा दूर केला. पलटणीच्या शिपायांची नावं होती. सगळ्यांत खाली, "आणि संलग्न तुकड्यांतील सहकारी."

मी नवी आवृत्ती उघडली. परिशिष्टातली ती ओळ तिथे नव्हती. तिच्या वरची ओळ आणि खालची ओळ जवळ आली होती. सावळेराम हा शब्द आता त्या पुस्तकात कुठेही नव्हता.

"तुम्हाला ती ओळ खोडून हवी होती ना?" कर्नल साहेब हळू आवाजात मला म्हणाले. "खोडली. त्यापलीकडे जायचं तर अपघात मान्य करावा लागतो. नोंद नसताना ते कसं करणार?"

"मग छत्री परत द्या."

"तुम्ही ती दिली आहे, समृद्धी. सही करून."

तेवढ्यात कोणीतरी पंखे लावले.

छत्री भरली. एकेक दोरी ताठ होत गेली, कडेपासून सुरुवात करून, आणि शेवटी रिकामे पट्टे खाली ओढले जाऊन घट्ट झाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. "वा, काय दिसतंय!" चहाचे ट्रे घेऊन पोरं फिरू लागली. आणि मी पाहत राहिले. पट्ट्यांखालून जाणारा प्रत्येक जण तिथे आला की मान खाली घालत होता. ट्रेवाले, बायका, खुद्द कर्नल साहेब. पट्टे त्यांच्या डोक्याला लागत नव्हते, बराच वर होते. तरी सगळे वाकत होते आणि पुढे जाऊन सरळ होत होते. आपण वाकलो हे त्यांतल्या एकाच्याही ध्यानात आलेलं दिसलं नाही.

हौशीराम आजोबा उठले. ते पट्ट्यांखाली जाऊन उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात वर केले, खालून एखादा जड बोजा उचलून धरतात तसे.

"आदेश, धर," ते म्हणाले. "घट धर."

आदेश लाजला. लोक हसले, कौतुकानेच. एका तरुण अधिकाऱ्याने त्यांना हलकेच खांद्याला धरून खुर्चीकडे नेलं. "या बाबा, चहा घ्या."

"पाय टेकंनात त्याचे," आजोबा त्याला सांगत होते. "साहेब, जरा खाली घ्या. जरासंच हाय."

मी कोर्टाची भाषा केली, वर्तमानपत्रात लिहिलं. माझा लेख छापून आला, त्याच्याबरोबर छत्रीचा मोठा फोटो. आता शाळांच्या सहली येतात ती बघायला. गावाने त्याला इतकी वर्षं थोडा थोडा वाटून घेतला होता. कोणाच्या झोळीत, कोणाच्या देवापुढे, चौघांच्या हातांत. मी तो सगळा गोळा केला आणि एका हुकाला लटकवून आले.

८

परवा भावकीत लग्न होतं. अंतरपाट नवा होता, जिनेशच्या दुकानातला, कुंकवाने स्वस्तिक काढलेला. सवयीने चौघं पुढे झाले. मग दोघांनी हसून सोडून दिला, आणि तरी बराच वेळ त्यांचे हात वरच राहिले.

हौशीराम आजोबा मांडवाच्या कडेला खुर्चीवर होते. त्यांची नजर अधू झाली आहे, पण मी आत आलेली त्यांनी ओळखली. मी सभागृहात दर आठवड्याला जाते हे त्यांना ठाऊक आहे, आणि त्यांचा प्रश्नही दर वेळी तोच असतो.

"पोरी, टेकले का त्याचे पाय?"

आजवर मी खरं सांगत आले. त्या दिवशी त्यांचा हात माझ्या हातात होता, आणि मला ते जमलं नाही.

"टेकले आजोबा," मी म्हणाले. "उतरले ते."

मंगलाष्टका सुरू झाल्या. माझ्या मागे, मांडवाच्या दाराकडे, ते बराच वेळ पाहत राहिले. उंच दार, वर मोकळं आभाळ, ना तोरण ना माळ.

"मग आत येताना," त्यांनी विचारलं, "तू वाकलीस कशापायी?"